जुनं सार्वजनिक मैदान पुन्हा उभं करताना: आधी पाणी, मग वेळापत्रक, गवत सगळ्यात शेवटी

"मैदान सुधारायचं ठरलंय, पेव्हर ब्लॉक कुठले घेऊ?" मैदानाच्या कामाविषयी मला येणारे बहुतेक फोन याच प्रश्नाने सुरू होतात. मग हायमास्ट दिव्याची चौकशी, मग कमानीची, मग ओपन जिमची. मैदानात पडलेलं पाणी कुठे जातं, हे क्वचितच कुणी विचारतं. सप्टेंबर उजाडला की तीच मंडळी परत फोन करतात, मैदानाचं तळं झालंय म्हणून.

सोलापुरात मी जी मैदानं बिघडताना पाहिली, ती पैशाअभावी कमी आणि कामाचा क्रम उलटा लागल्यामुळे जास्त बिघडली. म्हणून हा लेख क्रमावर आहे. दोन-चार एकरांचं, पेठेतलं किंवा चाळींच्या मधलं, दोन-तीन पिढ्या खेळलेल्या मातीचं सार्वजनिक मैदान डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. स्टेडियम बांधायचं असेल त्याला याचा फारसा उपयोग नाही.

वेळेचा हिशेब आधीच सांगतो. कागदपत्रं आणि निरीक्षण डिसेंबर ते फेब्रुवारी, खोदकाम आणि माती मार्च ते मे, हरळीची लावण जूनच्या अखेरीस. एप्रिलमध्ये सुरुवात करत असाल तर त्या वर्षी फक्त पाण्याचं काम करा. गवत पुढच्या पावसाळ्यात लावा.

१. कागद: जागा कुणाची, आरक्षण कशाचं

कुदळ मारण्याआधी चार कागद एका फायलीत हवेत.

पहिला, नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका किंवा जागा जुन्या सर्व्हे नंबरात असेल तर सातबारा. दुसरा, मोजणीचा नकाशा, म्हणजे 'क' प्रत. तिसरा, महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा, ज्यात त्या जागेवर 'खेळाचे मैदान' आहे, 'उद्यान' आहे की आणखी काही, हे दिसतं. चौथा, महापालिकेने ती जागा कुणाला भाड्याने किंवा वापरायला दिली असेल तर त्या ठरावाची प्रत.

चौथा कागद सहज मिळत नाही. माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "मैदानासंबंधी सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर हाती काही येणार नाही. "अमुक सर्व्हे नंबरच्या जागेबाबत गेल्या दहा वर्षांत झालेल्या ठरावांच्या प्रती" असं नेमकं मागा. मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, कारण तीच चुकते.

आरक्षणाला एवढं महत्त्व का, तर मैदान एका रात्रीत जात नाही. आधी कोपऱ्यात वाचनालयाची खोली येते, मग समाजमंदिर, मग पार्किंग. आराखड्यातल्या आरक्षणात किरकोळ फेरबदल करायचा झाला तरी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना वाचणारा एक माणूस तुमच्या गटात हवा. बंगळुरात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिलं नाही. तो लढा आसपासच्या रहिवाशांनी दिला होता.

थांबा: महापालिकेने मैदान 'दत्तक' दिलं म्हणजे ते तुमचं झालं नाही. करारात देखभालीची जबाबदारी, मुदत आणि पैशाचा हिशेब कुणाला दाखवायचा, हे लिहून घ्या. मैदानाला कुलूप लावण्याचा अधिकार मात्र मागू नका. कुलूप आलं की चार महिन्यांत मैदान एका मंडळाचं होतं.

२. चौदा दिवसांची वही

ही पायरी सगळे वगळतात. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

दोनशे पानी वही घ्या. पहाटे साडेपाच, सकाळी आठ, दुपारी बारा, चार, संध्याकाळी साडेसहा आणि रात्री नऊ अशा सहा वेळा, सलग चौदा दिवस, कुणीतरी मैदानावर जाऊन नोंद करायची. किती माणसं, त्यात बायका किती, मुलं किती, कोण काय करतंय, कोण कुठे बसलंय, कुठून आत आलं. मैदानाचा हाताने काढलेला नकाशा झेरॉक्स करून प्रत्येक वेळी त्यावर टिंबं द्या.

चौदा दिवस का? आठवड्यात बाजाराचा एक दिवस असतो, यंत्रमागाला सुट्टीचा एक दिवस असतो, रविवारच्या क्रिकेटचं चित्र वेगळंच असतं. एका आठवड्यात ते दिसतं, दुसऱ्यात त्याची खात्री पटते. जानेवारीत वही भरत असाल तर सिद्धेश्वर यात्रेचे दिवस सोडा. गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेतल्या जत्रेच्या, दिवसांत अर्धं शहर ती भरते त्या होम मैदानाकडे असतं आणि तुमचं मैदान उगाच रिकामं दिसतं.

आमच्या वहीत दुपारी बाराच्या रकान्यात रोज 'लिंबाखाली ७ बायका', 'लिंबाखाली ९ बायका' असं यायला लागलं. आम्ही ते मैदान 'दुपारी रिकामं' धरून चाललो होतो. जाऊन बसलो तर विडी कामगार बायका. कारखान्यात माल देऊन परतताना तासभर सावलीला टेकायच्या, काहींचं विड्या वळायचं सूप मांडीवरच. आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितलं, इथे लोखंडी बाक बसवतोय. त्यातल्या एक अक्का म्हणाल्या, "बाक नको रे बाळा. बाकावर दोघी बसतात, तिसरी उभी. कट्टा दे, गोल. सूप ठेवायला पण जागा होते." त्या कट्ट्याइतकी वापरली जाणारी दुसरी वस्तू आज त्या मैदानावर नाही.

दुसरी गोष्ट टिपायची ती पायवाटांची. माणसं कुठून कुठे तिरपी जातात, भिंतीतल्या कुठल्या भगदाडातून येतात. भगदाड दिसलं की बुजवण्याचा मोह होतो. ते बुजवलं की पंधरा दिवसांत शेजारी दुसरं पडतं. लोकांना तिथून यायचंच आहे, तेव्हा तिथे दुचाकी शिरणार नाही असा वाकडा गेट करा.

वही भरली की बैठक बोलवा. सूचना मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू, चारही भाषांत लिहा. शहराच्या पूर्व भागात नुसत्या मराठी कागदावर बैठक घेतली तर अर्धी वस्ती येत नाही, आणि मग 'लोकांना रस नाही' असा शिक्का बसतो. वेळही शिफ्ट पाहून ठरवा.

तपासा: सकाळी चालणारे ज्येष्ठ, क्रिकेटची मुलं, कबड्डी-खोखोचे संघ, दुपारच्या बायका, जवळची शाळा, पलीकडचे टपरीवाले, यातला प्रत्येकी एक जण बैठकीत नेमलेल्या समितीत आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

३. पाण्याची वाट

सोलापूर कोरडं, इथे निचऱ्याची काय गरज, असं वाटतं. पण आपला पाऊस कमी असला तरी तो थोड्या दिवसांत आणि जोरात पडतो. सगळ्यात जास्त सप्टेंबरात. तीन एकर म्हणजे सुमारे १२,१४० चौरस मीटर. त्यावर एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला की सहा लाख लिटर पाणी झालं. ते कुठे जाणार, हे आधी ठरलं पाहिजे.

*पाणी कुठे साचतं ते शोधा.* कोरड्या दिवसातही ते दिसतं. जिथे पाणी साचून आटतं तिथे बारीक गाळाचे पापुद्रे सुटतात, उन्हात त्यांच्या कडा वर वळतात आणि पायाखाली पापडासारखे मोडतात. तिथे चुन्याने गोल करा.

*जुनी वाट शोधा.* जुन्या मैदानांना बहुधा दगडी मोरी किंवा चर असतो, कुंपणाच्या भिंतीखालून जाणारा. तो मातीने, प्लास्टिकने बुजलेला असतो. जुन्या राखणदाराला, शेजारच्या सत्तरीतल्या माणसाला विचारा. आम्हाला आमची मोरी एका मामांनी काठीने ठोकून दाखवली. वर दोन फूट राडारोडा होता. ती उपसायला आठ माणसांना तीन दिवस लागले आणि त्या वर्षीचं अर्धं पाणी तिनेच नेलं. नवा पाइप टाकण्याआधी जुनी मोरी उपसा.

*पातळी घ्या.* पन्नास फूट पारदर्शक नळी, दोन लाकडी पट्ट्या, त्यांवर इंचांच्या खुणा, आणि नळीत पाणी. एवढ्या पाणसळीवर दोन दिवसांत दर तीस फुटांवर पातळी घेता येते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळे आकडे चुकतात, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे का ते पाहा. जमलं तर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या सिव्हिलच्या विद्यार्थ्यांकडून सर्व्हे करून घ्या. उतार शंभर फुटांना नऊ इंच ते एक फूट पुरे. त्याहून जास्त उतारावर फुटबॉल खेळताना पोरं चिडतात, कमी असला तर पाणी हलत नाही.

*खड्डे घेऊन पाहा.* पाच-सहा ठिकाणी दोन फूट खोल. कुठे वर मुरूम आणि खाली काळी माती, कुठे नुसता राडारोडा, कुठे कठीण खडक लागतो. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. त्या भेगांत पाय अडकून घोटे मुरगळतात. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत तीन इंच ठोका, पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरल्यावर तासाभरात अर्धा इंचही जिरलं नाही तर त्या जागी चर लागणारच.

*चर काढा.* एक फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल, तळाला शंभर फुटांना किमान सहा इंच उतार. तळात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर खडी, भोकांचा पाइप, पुन्हा खडी, कापडाची घडी, वर जाड वाळू. खोदाई नेहमी खालच्या टोकापासून सुरू करा. वरून सुरू केली आणि मध्येच वळिवाचा पाऊस आला तर चरच तळं होतो. पाणी शेवटी रस्त्याच्या गटारात सोडण्याआधी मैदानाच्या खालच्या कोपऱ्यात शोषखड्डा किंवा जुनी विहीर असेल तर तिच्याकडे वळवा. विहिरीत सोडताना आधी गाळ बसायला टाकी हवीच.

आता आमची चूक सांगतो, कारण ती सगळीकडे होते. आम्ही पहिल्याच वर्षी मैदानाभोवती चालण्याचा ट्रॅक केला. ठेकेदाराने पेव्हर ब्लॉकला आधार म्हणून काँक्रीटची कड घातली, मैदानापेक्षा सहा इंच उंच. उद्घाटनाला फार सुंदर दिसला. सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात मैदानाची परात झाली. अकरा दिवस खेळ बंद, वर डास. शेवटी दर वीस फुटांवर ती कड कापून मोकळी केली. कड करायचीच तर ती मैदानाच्या पातळीत किंवा एक इंच खाली. आणि चालायला, धावायला पेव्हरपेक्षा दाबलेला मुरूमच गुडघ्यांना बरा.

थांबा: पाण्याची एक चाचणी झाल्याशिवाय पुढच्या कामाचा पैसा देऊ नका. वरच्या टोकाला वापरायच्या पाण्याचा टँकर मोकळा करा आणि ते कुठे जातं ते चालत जाऊन पाहा.

४. वेळापत्रक: आखणीच्या आधी

आता लोक आराखडा काढायला बसतात. त्याआधी वही उघडा आणि वेळापत्रक करा. तीच जागा पहाटे चालणाऱ्यांची, सकाळी शाळेच्या कवायतीची, दुपारी बायकांची, संध्याकाळी कबड्डीची असू शकते. प्रत्येकाला वेगळा कोपरा द्यायला गेलात तर मैदानाचे तुकडे होतात.

मोठ्या मापांची यादी हाताशी ठेवा. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब, ३.०५ मीटर रुंद. पुरुषांचं कबड्डी मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. खेळाच्या रेषेबाहेर मोकळी पट्टी लागते, ती विसरून झाडाला खेटून मैदान आखलेलं मी पाहिलं आहे. खेळपट्टी पूर्व-पश्चिम आखू नका. संध्याकाळी सूर्य थेट फलंदाजाच्या डोळ्यांत येतो. उत्तर-दक्षिण ठेवा.

जमिनीला विश्रांती द्यायची असते, हे गोल्फवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात जगातलं एक फार जुनं गोल्फचं मैदान आहे, ओल्ड कोर्स. ते सार्वजनिक आहे. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर दर रविवारी तिथे खेळ बंद असतो, गवत विसावतं आणि गावकरी त्याच हिरवळीवर मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन फिरतात. आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा वार जमिनीसाठी राखून ठेवलेला. गोल्फच्या ग्रीनवरचं, म्हणजे अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, चेंडू टाकायचं भोकही रोज किंवा दर एक-दोन दिवसांनी दुसरीकडे हलवतात, म्हणजे एकाच जागी पाय पडून गवत झिजत नाही. आपल्याला रविवार बंद ठेवता येणार नाही, पण मंगळवार ठेवता येईल. आणि फुटबॉलचे गोलपोस्ट जमिनीत काँक्रीटने गाडायच्या ऐवजी हलवता येतील असे करून महिन्यातून एकदा दहा पावलं सरकवता येतील. गोलसमोरची जमीन सगळ्यात आधी उखडते. हलते गोलपोस्ट मात्र प्रत्येक वेळी मागून वाळूच्या पोत्यांनी दाबलेच पाहिजेत. ते पोरांच्या अंगावर पडतात.

मुलींसाठी वेळ राखायची असेल तर ती संध्याकाळी राखा, साडेपाच ते सात. 'मुलींनी दुपारी खेळावं' हे सोलापूरच्या उन्हात बोलणं योग्य नाही.

तपासा: वेळापत्रक गेटवर पत्र्याच्या पाटीवर रंगवण्याआधी एक महिना खडूने फळ्यावर लिहून चालवा. भांडणं त्या महिन्यातच होऊ देत, पाटी नंतर रंगवा.

५. माती आणि मुरूम

आधी वरची चार-सहा इंच चांगली माती खरवडून एका बाजूला ढीग करून ठेवा. हीच माती शेवटी वर परत येणार. जेसीबीवाला ती सगळ्यात आधी गाडून टाकतो, कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून खोदाईच्या दिवशी तिथे समितीतलं कुणीतरी उभं हवं.

भरावात राडारोडा नको. 'फुकट मिळतोय' म्हणून येतो, त्यात काच, तार आणि तुटलेल्या फरशा असतात. दर पावसाळ्यात त्यातलं थोडं थोडं वर येतं आणि अनवाणी पोरांच्या पायांत जातं.

मुरूम सहा इंचांच्या थरांनी टाका, प्रत्येक थरावर पाणी मारा, रोलर फिरवा, मगच पुढचा थर. दीड फूट एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर वरचे चार इंच दबतात आणि खालचं पहिल्या पावसात बसतं. ओल किती हवी, यासाठी मुठीत मुरूम घेऊन लाडू वळा. वळला पाहिजे, तळहात ओला होता कामा नये, आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. चिखलासारखा चपटा झाला तर दुपारपर्यंत थांबा. वळलाच नाही तर अजून पाणी.

कबड्डी-खोखोच्या जागेला वर चाळलेली लाल माती, खेळपट्टीला चिकण काळी माती. त्या तेवढ्याच जागेला काळ्या मातीचा उपयोग आहे, बाकी मैदानात तिचे कप्पे काढून मुरूम भरा.

६. हरळी

इथे सगळ्यांना घाई असते. आधी एक गणित करा.

एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायला दिवसाला किमान पाच मिलिमीटर धरलं तर एका एकराला रोज वीस हजार लिटर लागतं. तीन एकर म्हणजे साठ हजार, दहा हजारांचे सहा टँकर, रोज. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे हे मागणंसुद्धा चुकीचं आहे. म्हणून पूर्ण मैदान बारमाही हिरवं करण्याचा विचार सोडा. एप्रिल-मेमध्ये हरळी पिवळी पडू द्या. ती मरत नाही. तिची मुळं आणि धावत्या काड्या जमिनीत जिवंत असतात आणि वळीव पडला की आठवड्यात कोंब येतात. एकराचा तिसरा हिस्सा, मुलांच्या खेळाचा भाग, हिरवा ठेवायचा असेल तर रोज सात हजार लिटरच्या आत भागतं. ते बोअरचं, विहिरीचं किंवा प्रक्रिया केलेलं सांडपाणी असावं. नळाच्या पाण्याला हात लावू नका.

बोअरचं आणि प्रक्रिया केलेलं पाणी आधी तपासून घ्या, क्षार आणि सोडियम दोन्हींसाठी. सोडियम जास्त असलं तर काळी माती सिमेंटसारखी घट्ट होते. मातीचा नमुनाही शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आपल्याच शहरात आहे, तिथल्या माणसांना भेटा. प्रक्रिया केलेलं पाणी रात्री द्यावं, म्हणजे सकाळी मुलं येईपर्यंत वरचा थर सुकतो.

जगभर गरम प्रदेशातल्या गोल्फच्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात, ती आपली हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वा. तेव्हा नर्सरीतले शोभेच्या लॉनचे मऊ चौकोन आणू नका. ते बागेत बरे, चाळीस पोरांचे पाय त्यांना सोसत नाहीत. तुमच्याच मैदानाच्या कोपऱ्यात, नळाजवळ, भिंतीच्या कडेला हरळी असेल. ती इथल्या उन्हात टिकलेली आहे, तीच उपटा.

लावण अशी: दोन-तीन पेरं असलेल्या, चार ते सहा इंचांच्या काड्या. सहा ते नऊ इंचांवर उथळ ओळी. काडीचा दोन-तृतीयांश भाग मातीत, टोक बाहेर. लगेच दाबा आणि पाणी द्या. उपटलेल्या काड्या ओल्या पोत्यात, सावलीत. तासभर उन्हात राहिल्या तर निम्म्या जातात. जूनचा एक चांगला पाऊस झाल्यावर, जमीन दोन-तीन इंच ओली असताना लावा. नुसते ढग पाहून लावू नका. सोलापुरात जुलैत पाऊस दोन-दोन आठवडे दडी मारतो, तेवढ्या दिवसांच्या पाण्याची सोय आधी हवी.

पूर्ण कुजलेलं शेणखतच घाला. कच्च्या शेणखतातून तण येतं आणि मग वर्षभर तेच उपटत बसावं लागतं. सराटा फुलावर येण्याआधी मुळासकट काढा. त्याची पिवळी फुलं नाजूक दिसतात, पण पंधरा दिवसांत तिथे काटे होतात आणि मग त्या भागात कुणी चप्पल काढत नाही. लव्हाळा नुसता उपटून जात नाही, खालची गाठ खणून काढावी लागते. गाजरगवताला हातमोजे.

थांबा: लावणीनंतर आठ ते दहा आठवडे तो भाग बंद. म्हणून एका वर्षी अर्ध्याच मैदानात लावा. सगळं मैदान एकदम बंद केलं की मुलं रस्त्यावर खेळतात आणि समितीवरचा विश्वास जातो.

पहिली कापणी गवत दोन इंचांवर गेल्यावर, दीड इंचावर. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका.

७. झाडं, सावली, दिवे

झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर हेरिटेज वृक्ष धरलं जातं, त्याचे नियम आणखी कडक आहेत. हरळीला सावली चालत नाही, तेव्हा लिंबा-चिंचेखाली गवताचा हट्ट न धरता तिथे मुरूम आणि कट्टा करा. कट्टा बुंध्याला भिडवू नका, चहूबाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी ठेवा. नवी झाडं पश्चिमेच्या बाजूला लावा, संध्याकाळच्या उन्हाला आड येतील.

दिवे कमी उंचीचे, रस्त्याच्या आणि शौचालयाच्या वाटेवर. शौचालयाचं दार मैदानाकडे उघडणारं, माणसांच्या नजरेत. बायका ते वापरतील की नाही, हे त्यावर ठरतं.

८. मंडप, सभा, लग्नं

बंदी घालू नका, टिकत नाही. नियम करा आणि अनामत घ्या. ओल्या जमिनीवर ट्रक नाही. टेम्पो मुरमाच्या पट्टीपर्यंतच, पुढे सामान हाताने. बांबूचे खड्डे ठरलेल्या जागीच, तिथे कायमचे पाइप पुरून झाकणं बसवा. अन्न शिजवण्याची जागा मैदानाबाहेर, गरम तेल पडलेल्या जागी गवत परत उगवायला फार वेळ घेतं. लाऊडस्पीकर रात्री दहानंतर कायद्यानेच बंद.

कार्यक्रमानंतर खिळे. मंडपवाला 'सगळे उचलले' म्हणतो. आम्ही जुन्या स्पीकरचे चार लोहचुंबक एका पट्टीला बांधून, दोरीने ओढत मैदान उभं-आडवं फिरवतो. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा चहाचा मोठा मग भरून खिळे, तारांचे तुकडे आणि स्टेपल पिना निघाल्या. त्या मगाचा फोटो काढून पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडतो. अनामत चुंबक फिरल्यावरच परत.

९. देखभाल आणि पैसा

उद्घाटनाचा खर्च काढू नका, पाच वर्षांचा काढा. बांधकामाला आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती किंवा क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना यांतून पैसा मिळू शकतो. माळ्याच्या पगाराला यातलं कुणी सहसा देत नाही. म्हणून अंदाजपत्रक मांडताना माळी, कापणी यंत्राची दुरुस्ती, पाण्याची मोटर, वर्षातून एकदा चर उपसणं हे आधी लिहा. त्याला पैसा कुठून येणार हे ठरलं तरच कमानीचं बोला. कार्यक्रमांचं भाडं, पेठेतल्या दुकानदारांची महिन्याची ठरावीक वर्गणी, असं मिळून हे भागतं. हिशेब दर महिन्याला गेटवर चिकटवा. संस्था नोंदवायची असेल तर किमान सात सदस्य लागतात, आणि वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात वेळेवर द्यावा लागतो. त्याला एक हिशेबी माणूस शोधून ठेवा.

वर्षाचं काम असं चालतं. मे अखेरीस मोरी, चर, शोषखड्डा उपसणं. जून-जुलैत हरळीच्या रिकाम्या जागा भरणं. ऑगस्टमध्ये सराटा आणि गाजरगवत. ऑक्टोबरमध्ये, जमीन थोडी ओली असताना, काटेरी रोलरने भोकं पाडून वर चाळलेली माती आणि वाळू पाव इंच पसरायची, झाडूने ओढून घ्यायची. फेब्रुवारीपासून पाणी कमी करत जायचं.

पहिल्या सप्टेंबरात एक काम चुकवू नका. मोठा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात छत्री आणि चुना घेऊन मैदानावर जा. जिथे पाणी उभं आहे तिथे काठ्या रोवा, चोवीस तासांनी पुन्हा या आणि ज्या काठ्यांभोवती अजून पाणी आहे त्या तेवढ्या राहू द्या. दुरुस्ती मार्चमध्येच होईल, पण तोवर त्या काठ्यांचा नकाशा वहीत उतरवून, तारखेसह, फायलीत लावून ठेवा.